ऐकणाऱ्यांची गाणी

‘स्वीट लिटल सिक्सटीन’ या गाण्यातली मुलगी सोळा वर्षांची आहे आणि तिला गायकांच्या सह्या जमवायचं वेड आहे. सह्या नुसत्या जमवून तिचं भागत नाही, ती त्या फ्रेम करून ठेवते. पाकीट कलाकारांच्या फोटोंनी फुगलेलं. गाण्याच्या कार्यक्रमाला जायचंय आणि घरून परवानगी मिळायची आहे. ती आईच्या मागे लागते, मग वडिलांना गळ घालते की तुमची हरकत नाही असं तुम्हीच आईच्या कानात सांगा. रात्री उंच टाचांचे बूट आणि लिपस्टिक. सकाळी पुन्हा शाळेचा वर्ग, पुन्हा सोळा वर्षांची गोड पोर. गाणं इथं संपतं. त्यात गायक स्वतः कुठेच येत नाही. येते ती त्याला ऐकायला निघालेली मुलगी.

१९५८ च्या सुरुवातीला हे गाणं बाजारात आलं तेव्हा ते लिहिणारा आणि गाणारा अमेरिकी रॉक अँड रोल गिटारवादक चक बेरी एकतीस वर्षांचा, बायकामुलांचा माणूस होता. प्रेमाची, विरहाची, दारूची, रेल्वेगाडीची गाणी त्याच्या आधी ढिगानं होती. पण समोरच्या खुर्चीत कोण बसलंय, ती घरून काय थाप मारून आलीय, उद्या तिची शाळा किती वाजता आहे, याची इतकी बारकाईनं चौकशी करणारा गीतकार मला तरी त्याच्या आधी भेटलेला नाही. ‘स्कूल डेज’मध्ये सकाळी उठण्यापासून तीनच्या घंटेपर्यंतचा शाळेचा कंटाळवाणा दिवस आहे. मागच्या बाकावरचा मुलगा छळतोय, कँटीनमध्ये गर्दी आहे. मग शाळा सुटल्यावर कोपऱ्यावरच्या ज्यूकबॉक्समध्ये नाणं पडतं आणि दिवस खरा सुरू होतो. ‘रोल ओव्हर बीथोव्हन’मधला पोरगा आपल्या आवडीची तबकडी लावा म्हणून रेडिओवाल्याला पत्र लिहायला बसलाय. ही सगळी ऐकणाऱ्यांची गाणी आहेत, आणि त्याच्या मृत्यूबद्दल लिहायचं तर मला इथूनच सुरुवात करावी लागते.

१८ मार्च २०१७. शनिवार दुपार. मिसूरी राज्यातल्या सेंट चार्ल्स काउंटीत त्याचं घर. पावणेएकच्या सुमारास पोलिसांना मदतीसाठी बोलावणं गेलं आणि एक वाजून सव्वीस मिनिटांनी तो गेल्याचं जाहीर झालं. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्रीला चार मिनिटं कमी होती. रविवारच्या पेपरात ती बातमी असणं शक्यच नव्हतं; मला ती सकाळी फोनवर दिसली. नव्वद वर्षांचं पिकलं पान. त्याचं जाणं अकाली म्हणण्यासारखं नव्हतं, धक्का बसावा असंही काही नव्हतं. मंचावरून तो आधीच उतरला होता. तरी त्या दिवशी स्वयंपाकघरात उभी राहून मी बराच वेळ काहीच केलं नाही.

ओळख ना पाळख आणि हे कसलं सुतक, असं आपल्याकडच्या मोठ्या माणसांना वाटतं, आणि त्यांच्या बाजूनं ते रास्त आहे. मी त्याला कधी पाहिलं नाही. त्याच्या गावाला, सेंट लुईसला, मी गेलेली नाही. पण ओळख नव्हती हे मला मान्य नाही. सातासमुद्रापलीकडच्या पोरीचा शाळेचा कंटाळा ज्याला ठाऊक होता, त्याला मी अनोळखी कशी म्हणू? ओळख होती. फक्त ती त्याच्याकडून माझ्याकडे होती.

माझ्या हाती तो लागला तो कंसात. पुण्यात, ऐंशीच्या दशकात, मुंबईहून येताना माझा मामेभाऊ काळा घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाऊसमधून कॅसेट घेऊन यायचा. बीटल्सच्या एका कॅसेटमध्ये ‘रोल ओव्हर बीथोव्हन’ होतं. बाकी बहुतेक गाण्यांपुढे बीटल्समधल्याच लेनन-मॅकार्टनी या जोडीचं नाव आणि याच्यापुढे बारीक टायपात, कंसात, बेरी. ‘दादा, हा कोण?’ असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘तो मूळ. हे त्याच्याकडूनच शिकले.’ एवढंच. पुढे मूळ गाणं मिळालं आणि ऐकलं तेव्हा मला जाणवली ती त्याच्या उच्चारांची स्वच्छता. इंग्रजी नुकतं कुठं कानावर बसत असलेल्या मुलीलाही त्याचा शब्द न् शब्द कळत होता. नॅट किंग कोलची गाणी ऐकत तो वाढला होता आणि शब्द खाऊन गाणं त्याला मान्य नव्हतं. (ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं. त्या दुकानासाठीही मी अशीच हळहळले होते, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

रॉक अँड रोल आपल्या कानावर त्याही आधी पडलं होतं, हे इथं सांगायला हवं. पुणतांब्याच्या चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्र यांनी, १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटात किशोरकुमारकडून ‘ईना मीना डीका’ गाऊन घेतलं. त्यातलं ‘माका नाका’ हे तर सरळ कोकणी आहे, त्यांच्या वाद्यवृंदातल्या गोव्याच्या माणसांमुळे आलेलं. माझ्या आईला रॉक अँड रोल म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण ते गाणं तिला तोंडपाठ होतं.

चार्ल्स एडवर्ड अँडरसन बेरीचा जन्म १८ ऑक्टोबर १९२६ चा, सेंट लुईसच्या ‘द व्हिल’ या वस्तीतला. गोरे आणि काळे यांची घरं, शाळा, दवाखाने वेगळे असण्याचा तो काळ. व्हिल ही त्यातली काळ्या मध्यमवर्गाची वस्ती. वडील ठेकेदारी करायचे आणि चर्चच्या कामात असायचे, आई शाळेत. घर गूड अव्हेन्यूवर होतं, आणि पुढे ‘जॉनी बी. गूड’ या त्याच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यातल्या जॉनीला आडनाव मिळालं ते याच रस्त्याचं. घरात पियानो होता, पण तो बहीण ल्यूसीच्या ताब्यात, आणि ती वाजवणार शास्त्रीय संगीत. बीथोव्हनला बाजूला सरकायला सांगणारं गाणं त्या पियानोवरच्या हक्कावरून सुचलं. मला हे फार आवडतं. अख्ख्या जगाला बंडाची ललकारी वाटलेलं गाणं मुळात एका भावानं बहिणीकडे केलेली तक्रार होती.

लहानपणी वडील त्याला आणि भावंडांना शहरातल्या फॉक्स थिएटरात डिकन्सच्या कादंबरीवरचा सिनेमा दाखवायला घेऊन गेले. खिडकीवर त्यांना तिकीट नाकारलं गेलं, काळे म्हणून. १९८६ च्या ऑक्टोबरात, साठीचा सोहळा म्हणून त्याचा मोठा कार्यक्रम झाला आणि त्यावर चित्रपट निघाला, तो याच फॉक्स थिएटरात. शेजारी कीथ रिचर्ड्स, एरिक क्लॅप्टन असे नावाजलेले गिटारवादक. त्या चित्रपटात तो ही तिकिटाची हकिगत स्वतः सांगतो. आवाज चढत नाही, चेहरा फारसा बदलत नाही. मी तो प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिलाय आणि दर वेळी मला त्याच्या वडिलांचा विचार येतो. मुलांना हौसेनं सिनेमाला घेऊन गेलेला आणि त्यांच्यासमोर परत फिरलेला बाप.

त्याचं तरुणपण सरळ गेलं नाही. शाळकरी वयातच मित्रांबरोबर शस्त्राचा धाक दाखवून लुबाडणूक केली आणि सुधारगृहात गेला. सुटला तो एकविसाव्या वाढदिवशी. मग लग्न, मोटारीच्या कारखान्यात मजुरी, इमारतीची झाडलोट, केशभूषेचं शिक्षण. १९५२ सालच्या शेवटच्या रात्री जॉनी जॉन्सन नावाच्या पियानोवादकाच्या तिघांच्या संचातला सॅक्सोफोनवाला आजारी पडला आणि आयत्या वेळी बेरीला बोलावणं आलं. तो त्या संचात गेला तो राहिलाच, आणि काही काळानं संच त्याच्या नावानं ओळखला जाऊ लागला.

रॉक अँड रोलचा गिटार कुठून आला हे समजून घ्यायचं तर या जॉन्सनपाशी थांबावं लागतं. गिटारवाल्याला सोयीच्या पट्ट्या असतात: ई, ए, जी. बेरीची कितीतरी गाणी बी फ्लॅट किंवा ई फ्लॅटमध्ये आहेत. या पट्ट्या पियानोला आणि फुंकून वाजवायच्या वाद्यांना सोयीच्या, गिटारवर बोटांना त्रास देणाऱ्या. म्हणजे पियानोवर जॉन्सनचे दोन हात जे करत होते ते बेरीनं सहा तारांवर आणलं. एका वेळी दोन तारा दाबून, एक सूर दुसऱ्यात सरकवत, ताल आणि चाल दोन्ही एकाच माणसानं सांभाळायची. ‘जॉनी बी. गूड’ची ती सुरुवात, जी ऐकली की जगाच्या पाठीवर कुठेही माणसं मान वर करतात, तीसुद्धा पूर्णपणे त्याची नव्हे. लुई जॉर्डनच्या संचातला गिटारवादक कार्ल होगन यानं ती जवळजवळ तशीच आधी वाजवली होती. बेरी हे लपवत नसे. होगनच्या त्या काही मात्रांना त्यानं एक मुलगा दिला, एक लाकडी झोपडी दिली, आईचं स्वप्न दिलं.

जॉन्सननं २००० साली त्याच्यावर दावा लावला, गाण्यांच्या रचनेत आपलाही वाटा आहे म्हणून. फार उशीर झाला या कारणावरून तो फेटाळला गेला. माझ्या मनात जॉन्सनची बाजू आहे. कायद्यानं त्याला काही मिळालं नाही, पण बेरीसाठी डोळे पुसणाऱ्या माणसानं जॉन्सनचं नाव घेतलंच पाहिजे असं मला वाटतं.

१९५५ च्या मे महिन्यात बेरी शिकागोला गेला, ब्लूज गायक मडी वॉटर्सला भेटला, आणि वॉटर्सनं त्याला लेनर्ड चेसचं दार दाखवलं. चेस रेकॉर्ड्सनं ‘मेबलीन’ काढली. तबकडी धडाक्यात खपली, आणि तिच्यावर गीतकार म्हणून आणखी दोघांची नावं छापलेली निघाली. त्यातला एक रेडिओवरचा प्रसिद्ध निवेदक ॲलन फ्रीड. गाणं वाजवायचा मोबदला म्हणून नाव द्यायचं, अशी त्या धंद्याची रीत होती. ते गाणं पूर्णपणे त्याच्या नावावर यायला १९८६ उजाडलं. पुढच्या आयुष्यात तो आधी रोख पैसे हातात पडल्याशिवाय मंचावर चढत नसे. लोक याला हावरटपणा म्हणायचे. मला त्यात ‘मेबलीन’ दिसते.

गीतकार म्हणून त्याची दोन गाणी मी कुणापुढेही ठेवीन. एक ‘मेम्फिस, टेनेसी’. एक माणूस टेलिफोनच्या ऑपरेटरला विनवतोय, मेम्फिसमधल्या मरीचा नंबर लावून द्या. ताटातूट झालीय, दोघांना वेगळं केलंय. ऐकणारा समजतो की प्रेयसी. शेवटच्या कडव्यात कळतं, मरी सहा वर्षांची आहे. दुसरं ‘प्रॉमिस्ड लँड’. नॉर्फोक, व्हर्जिनियाहून कॅलिफोर्नियाला निघालेल्या गरीब पोराचा प्रवास, बस, आगगाडी, शेवटी विमान. वाटेत बस रॉक हिलला न थांबता पुढे जाते, अलाबामात बिघडते आणि पोरगा बर्मिंगहॅममध्ये अडकतो. १९६१ च्या उन्हाळ्यात बसमधून एकत्र प्रवास करणाऱ्या काळ्या-गोऱ्या सत्याग्रहींना रॉक हिल आणि बर्मिंगहॅम इथंच मारहाण झाली होती. गाण्यात त्याचा उच्चार नाही. ऐकणाऱ्यांना गावांची नावं पुरेशी होती. हे गाणं त्यानं तुरुंगात लिहिलं. रस्ते नीट जुळावेत म्हणून नकाशाचं पुस्तक मागितलं, तर पळून जायचा बेत तर नाही ना, असा पहारेकऱ्यांना संशय आला, असं त्यानंच लिहून ठेवलंय.

तुरुंगात का होता, हेही इथंच सांगायला हवं.

१९५९ च्या डिसेंबरात टेक्ससच्या दौऱ्यावर त्याला एक मुलगी भेटली आणि आपल्या क्लबात काम देतो म्हणून त्यानं तिला सेंट लुईसला आणलं. ती चौदा वर्षांची होती. अनैतिक हेतूनं राज्याबाहेर नेल्याच्या कलमाखाली खटला झाला. पहिल्या खटल्यात न्यायाधीशानं वंशद्वेषी शेरे मारले म्हणून तो निकाल रद्द झाला. दुसऱ्या खटल्यातही दोषीच ठरला, आणि सुमारे वीस महिने आत काढले. ते कलम काळ्या पुरुषांना अडकवायला सर्रास वापरलं जायचं हे खरं आहे. न्यायाधीश पूर्वग्रहानं भरलेला होता हेही खरं आहे. आणि ती चौदा वर्षांची होती. यातल्या एका वाक्यानं दुसरं पुसलं जात नाही. पुढे १९९० च्या सुमारास त्याच्या मालकीच्या रेस्टॉरंटमध्ये बायकांच्या स्वच्छतागृहात छुपे कॅमेरे लावल्याचा आरोप झाला. अनेक स्त्रिया कोर्टात गेल्या आणि पैसे देऊन प्रकरण मिटवलं गेलं.

सह्या जमवणाऱ्या मुलीचं मन ज्याला इतकं कळलं, त्याला समोर उभ्या असलेल्या मुलीचं वय दिसू नये, हे मी कसं सोसायचं? माझ्याकडे याचं उत्तर नाही आणि मी ते शोधून काढल्याचा आव आणणार नाही. कला वेगळी आणि कलावंत वेगळा, हे वाक्य मला नेहमी पळवाट वाटत आलंय. इथं तर ते लागूच पडत नाही, कारण गाण्यातली मुलगी आणि खटल्यातली मुलगी एकाच जगातल्या आहेत. मी एवढंच करते की ते गाणं ऐकताना दोघींना आठवते. शोक करायचा तर तो अख्ख्या माणसाचा करावा. निवडून, धुऊन घेतलेल्या माणसाचा शोक मला करता येत नाही.

सेंट लुईसच्या लोकांना तर हे रोजच समोर होतं. डेलमार बुलेव्हार्ड नावाच्या रस्त्यावर त्याचा आठ फुटी ब्राँझचा पुतळा २०११ मध्ये उभा राहिला. गुडघे वाकवलेले, हातात गिटार. तो उभारू नये म्हणून काही रहिवाशांनी त्याच्या शिक्षेकडे बोट दाखवून विरोध केला होता. त्याच पुतळ्याच्या पायाशी १८ मार्चच्या संध्याकाळपासून फुलं येऊ लागली. हा डेलमार रस्ता म्हणजे त्या शहराची दुखरी नस आहे: त्याच्या उत्तरेला बहुतांश काळी वस्ती, दक्षिणेला बहुतांश गोरी. पुतळ्यासमोरच ‘ब्लूबेरी हिल’ हे जो एडवर्ड्स यांचं रेस्टॉरंट. त्याच्या तळघरातल्या ‘डक रूम’मध्ये बेरीनं नव्वदच्या दशकापासून २०१४ पर्यंत जवळजवळ दर महिन्याला कार्यक्रम केले. एकूण २०९. जगातल्या कुठल्याही स्टेडियमात गाऊ शकणारा माणूस सत्तरी-ऐंशीत महिन्यातून एकदा आपल्या गावच्या तळघरात, मुलगा गिटारवर आणि मुलगी हार्मोनिकावर अशी साथ घेऊन गात होता. शेवटी शेवटी शब्द विसरायचा, सूर हलायचे. लोक शब्द पुरवायचे.

९ एप्रिलला त्याच डेलमारवरच्या ‘द पेजंट’ नावाच्या संगीतगृहात त्याचं अंत्यदर्शन ठेवलं होतं. तो चर्चवाल्याचा मुलगा, पण निरोप मिळाला तो जिथं बँड वाजतात तिथं, आणि सकाळचे काही तास दार सगळ्यांसाठी उघडं होतं. शवपेटीच्या उघडलेल्या झाकणाला आतून त्याचा चेरी रंगाचा गिब्सन गिटार लावलेला. कीथ रिचर्ड्स आणि मिक जॅगर यांच्या रोलिंग स्टोन्स या बँडकडून गिटारच्या आकाराची फुलांची रचना आली होती. त्यांचं हे देणं जुनंच आहे: १९६१ मध्ये डार्टफर्डच्या रेल्वे फलाटावर कीथ रिचर्ड्सला मिक जॅगर दिसला तेव्हा जॅगरच्या काखेत बेरीची तबकडी होती, आणि बोलणं त्यावरून सुरू झालं. पण माझं लक्ष फुलांपेक्षा त्या रांगेकडे जातं. डेलमारच्या दोन्ही बाजूंची माणसं त्या दिवशी एका रांगेत होती. त्यानं शहर जोडलं वगैरे मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी रस्ता तसाच होता. पण रांग खरी होती.

शोक करणाऱ्यांत एक जमात अशी होती की तिचा हक्क माझ्यासारखीपेक्षा कितीतरी मोठा. बेरी बहुतेक वर्षं एकटाच हिंडला. गिटार घ्यायचा, विमानातून उतरायचा, आयोजकांनी गावातली चार पोरं उभी केलेली असायची. तालीम नाही, गाण्यांची यादी नाही. कुठली गाणी करायची, असं विचारलं तर उत्तर एकच: चक बेरीची. त्यानं पट्टीही सांगायची नाही. त्याच्या हाताकडे बघून ओळखायची. १९७३ मध्ये मेरीलँडमध्ये असा उभा राहिलेला एक पोरगा ब्रूस स्प्रिंगस्टीन होता आणि तो हे पुढे आनंदानं सांगत राहिला. पण प्रसिद्ध न झालेले कितीतरी होते. शाळामास्तर, मेकॅनिक, विमा एजंट झालेली माणसं, ज्यांनी तरुणपणी एका रात्री त्याच्या पाठीमागे वाजवलं होतं. त्यानं गृहीत धरलं होतं की कुठल्याही गावात गेलं तरी आपली गाणी येणारी माणसं असणार. हा अहंकार होता की विश्वास, यावर वाद घालता येईल. मला तो विश्वास वाटतो, कारण तो खरा ठरत गेला.

आणि आता केसरबाई.

१९७७ मध्ये नासानं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे, पृथ्वीवरच्या आवाजांची आणि संगीताची. त्यात सत्तावीस रचना. बाख आहे, बीथोव्हन आहे, आणि ‘जॉनी बी. गूड’ आहे. रॉक अँड रोल म्हणजे पोरखेळ, ते कशाला, असा आक्षेप निघाला तेव्हा तबकडीची निवड करणारे शास्त्रज्ञ कार्ल सेगन म्हणाले होते की पृथ्वीवर पोरंही पुष्कळ आहेत. त्याच तबकडीवर भारतातून एकच रचना आहे: सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. साडेतीन मिनिटं.

केसरबाईंचा जन्म १८९२ चा, गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या केरीचा. अल्लादिया खाँसाहेबांकडे त्यांनी वर्षानुवर्षं जयपूर घराण्याची तालीम घेतली. त्यांच्या ताठपणाच्या गोष्टी मुंबई-पुण्यातली जुनी माणसं अजून सांगतात. आपलं गाणं कुणी उचलू नये म्हणून बाई फार जपत. रेकॉर्डिंगला त्या सहज राजी होत नसत, आणि विद्या दिली ती एका धोंडूताई कुलकर्णींना. घराण्याची वस्तू घराण्यात राहावी. आणि त्यांच्याच शेजारी तबकडीवर बसलेला हा माणूस असा की ज्याची वस्तू पहिल्या दिवसापासून रस्त्यावर होती. लिव्हरपूलच्या पोरांनी नेली, लंडनच्या पोरांनी नेली, कॅलिफोर्नियात ‘स्वीट लिटल सिक्सटीन’च्या चालीवर समुद्राच्या लाटांचं गाणं बसलं आणि गाजलंही.

मला दोन्ही वाटा आदराच्या वाटतात. बाईंनी जपलं म्हणून ते गाणं त्या उंचीचं राहिलं, आणि त्याचं सांडलं म्हणून ते सगळ्यांचं झालं. दोघांनाही आपापल्या समाजानं कलेसाठी डोक्यावर घेतलं आणि जन्मासाठी दाराबाहेर ठेवलं. कलावंतिणींच्या घरातल्या मुलीला आणि व्हिलमधल्या काळ्या मुलाला ते वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं. ५ सप्टेंबर १९७७ ला व्हॉयेजर १ झेपावलं आणि १६ सप्टेंबरला मुंबईत केसरबाई गेल्या. बेरीला मात्र आणखी चाळीस वर्षं मिळाली. त्याच्या साठाव्या वाढदिवसाला सेगन आणि तबकडीच्या कामातल्या त्यांच्या सहकारी ॲन ड्रुयन यांनी त्याला पत्र लिहिलं. आशय असा की तुमचं संगीत अमर आहे असं लोक म्हणतात तेव्हा ते बहुधा फुगवून सांगत असतात, पण या तबकड्या अब्जावधी वर्षं टिकणार आहेत. १९ मार्चच्या त्या रविवारी दुपारी मी दोन्ही लावली. आधी भैरवी, मग जॉनी. एरवी भैरवीनंतर काही लावू नये हे माझ्या अंगात मुरलेलं, पण त्या दिवशी तोच क्रम बरोबर वाटला.

मित्रमंडळींपैकी ज्यांना गिटार येतो त्यांनी त्या आठवड्यात एकच केलं: ती सुरुवातीची फेक वाजवली. कुणी चांगली, कुणी अडखळत. माझा मामेभाऊ आता साठीला आलाय, सांधे धरलेत, त्यानं फोनवर वाजवून दाखवली आणि मध्येच थांबून म्हणाला, ‘अगं, हे बी फ्लॅटमध्ये आहे, याला काय माहीत होतं माझी बोटं म्हातारी होणारेत?’ मग पुन्हा पहिल्यापासून वाजवली.

नव्वदाव्या वाढदिवशी, १८ ऑक्टोबर २०१६ ला, बेरीनं नव्या अल्बमची घोषणा केली होती. अडतीस वर्षांत पहिला, अडुसष्ट वर्षं संसार केलेल्या थेमेटाला, त्याच्या टॉडीला, अर्पण केलेला. तो आला ९ जून २०१७ ला, त्याच्या माघारी. त्यातल्या ‘डार्लिन’मध्ये तो मुलगी इंग्रिडबरोबर गातो, बाप म्हातारा होत चाललाय हे तिला सांगत. आवाज जाड झालाय, श्वास पुरत नाही, उच्चार मात्र तितकेच स्वच्छ. आणि एक गाणं आहे ‘लेडी बी. गूड’. जॉनी गिटार घेऊन नाव कमवायला निघून गेला तेव्हा मागे जी राहिली, तिचं. तिनं त्याला आधी ऐकलं होतं, जग ऐकायच्या कितीतरी आधी. या गाण्यात बेरी, त्याचा मुलगा आणि त्याचा नातू, तिघंही गिटार वाजवतात. साठ वर्षांनी तो पुन्हा ऐकणारीकडेच वळला होता, आणि आता माझ्याकडे हे गाणं ‘स्वीट लिटल सिक्सटीन’च्या लगेच पुढे लावलेलं असतं.